सुटू नये म्हणून घडवलेला सुरा : अमेरिकी ‘मार्क १’चं प्रकरण

३ नोव्हेंबर १९१७ची पहाट. फ्रान्सच्या लोरेन भागात बातेलेमों नावाच्या खेड्याजवळ अमेरिकेच्या पहिल्या डिव्हिजनमधली १६वी इन्फन्ट्री खंदकात होती. तिच्यातल्या काही जणांची आघाडीवरची ही पहिलीच रात्र. तीनच्या सुमारास जर्मन तोफा सुरू झाल्या. मारा खंदकावर कमी आणि त्याच्या तिन्ही बाजूंना जास्त होता. आतल्यांना मदत मिळू नये आणि त्यांना मागेही सरता येऊ नये, म्हणून घातलेलं ते गोळ्यांचं कुंपण होतं. मग काटेरी तारांखाली सुरुंग उडाले आणि जर्मन टोळी खंदकात उतरली. काही मिनिटांत ती परतही गेली. जाताना तिने काही कैदी नेले, आणि मागे राहिले कॉर्पोरल जेम्स ग्रेशम, प्रायव्हेट टॉमस एनराइट आणि प्रायव्हेट मर्ल हे यांचे मृतदेह. फ्रान्समध्ये लढताना मारले गेलेले अमेरिकी पायदळाचे हे पहिले तीन सैनिक.

या प्रकारच्या लढाईला अमेरिकी सैन्य तयार नव्हतं. फ्रेंच, ब्रिटिश आणि जर्मन मात्र ती तीन वर्षं लढत होते. तिच्यासाठी अमेरिकेने एक हत्यार घडवलं, ते नाकारलं, दुसरं घडवलं, आणि ते हातात येईपर्यंत युद्धच संपलं. ते दुसरं हत्यार म्हणजे ‘मार्क १’ खंदक-सुरा. पितळी रंगाची मूठ आणि तिच्यात बोटं घालायची चार कडी, म्हणजे आपल्याकडे पोलिसांच्या बातम्यांत ज्याला ‘फायटर’ म्हणतात ते, आणि त्याच्यापुढे दुधारी पातं. युद्धसामग्रीच्या कुठल्याही चित्रसंग्रहात हा सुरा सापडतो. दिसायला इतका भयानक आहे की तो वापरायला कसा होता हे सहसा कोणी विचारत नाही. इथे तेच विचारायचं आहे.

लांबीचा प्रश्न

खंदक सरळ रेषेत खणत नसत. एका टोकाला पडलेल्या गोळ्याचे तुकडे किंवा एका टोकावरून झाडलेली मशीनगन दुसऱ्या टोकापर्यंत पोचू नये, म्हणून दर काही पावलांवर त्याला काटकोनी वळण असे. तळाशी रुंदी बऱ्याच ठिकाणी जेमतेम एका माणसापुरती. खाली लाकडी फळ्या, बाजूला मातीची पोती, कोपऱ्याला दगडमाती. अशा जागी फ्रेंच शिपाई लेबेल रायफल घेऊन उभा असे. रायफल एक मीटर तीस सेंटिमीटरची आणि तिच्यापुढे बावन्न सेंटिमीटरची संगीन, म्हणजे एकूण उंची माणसापेक्षाही जास्त. अमेरिकी रायफलही संगिनीसकट पाच ते सव्वापाच फुटांची. उघड्या मैदानावर घोडदळ अडवायच्या काळातली ही लांबी होती. काटकोनाच्या वळणावर ती भिंतीला अडकायची.

म्हणून छाप्याला जाणारे लोक रायफली मागे ठेवू लागले. हातबॉम्ब, रिव्हॉल्व्हर, खिळे ठोकलेले सोटे, कडा घासून धारदार केलेली फावडी असं सगळं निघालं. फ्रेंचांनी काटेरी तारांचे लोखंडी खुंट कापले, एक टोक ठोकून अणकुचीदार केलं आणि दुसरं वाकवून मूठ केली. त्या सुऱ्याला सैनिक ‘फ्रेंच खिळा’ म्हणत. जुन्या संगिनी कापून त्यांचे सुरे झाले. जर्मनांनी साधा, एकधारी, लाकडी मुठीचा सुरा पुरवला. त्याच्याबद्दल फार लिहिलं जात नाही, कारण तो कामाचा होता आणि दिसायला कंटाळवाणा.

ब्रिटिशांनी सरकारी सुरा असा सर्वांना दिलाच नाही. ज्याला हवा त्याने विकत घ्यावा. डडली गावच्या रॉबिन्स कंपनीने अॅल्युमिनियमच्या ओतीव मुठीचे सुरे विकले. त्यातल्या काहींची मूठ पात्याला आडवी असे. मूठ वळली की पातं बोटांच्या मधून समोर येतं आणि ठोसा मारावा तसा वार होतो. मराठी वाचकाला ही पकड ओळखायला चित्र लागणार नाही. कट्यार तशीच धरतात. रॉबिन्सने ती कट्यारीवरून घेतली असं मी म्हणणार नाही. पण अरुंद जागेत मनगट वळवायला वाव नसला की सरळ रेषेत ताकद कशी लावायची, या प्रश्नाला माणसाने वेगवेगळ्या ठिकाणी एकच उत्तर शोधलेलं दिसतं.

इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं तिच्या उजेडात वाचता येईल. पहिल्या महायुद्धातल्या जखमांमध्ये संगीन, सुरा वगैरे धारदार शस्त्रांच्या जखमांचं प्रमाण एक टक्क्याच्याही आत होतं. माणसं मेली ती तोफगोळ्यांनी, मशीनगननी आणि रोगराईने. छाप्यातसुद्धा मुख्य काम हातबॉम्ब करायचे. पहारेकऱ्याला आवाज न करता गाठायचं असेल किंवा दोघं एकदम वळणावर समोरासमोर आले तर सुरा कामाला यायचा. म्हणजे ज्या प्रसंगासाठी हे हत्यार घडवायचं होतं तो प्रसंग दुर्मीळ होता, पण ज्याच्यावर आला त्याच्या डोक्यातून तो आयुष्यभर गेला नाही. हत्याराच्या मागणीत आकड्यांपेक्षा अशा भीतीचा वाटा मोठा असतो.

पहिलं उत्तर : तीन कडांचा सुरा

अमेरिकेचा पहिला सरकारी खंदक-सुरा एम१९१७. फिलाडेल्फियाच्या हेन्री डिस्टन अँड सन्स या करवती बनवणाऱ्या कंपनीने फ्रेंच सुरे पाहून तो आखला. नऊ इंचांच्या आसपास लांब, तिकोनी छेदाचं, दाभणासारखं निमुळतं पातं. अक्रोडाच्या लाकडाची मूठ. मुठीवरून खाली येणारी पोलादी पट्टी, आणि तिच्यावर बोटांच्या सांध्यांसमोर छोटे दात. काही महिन्यांत त्याचीच जराशी सुधारलेली एम१९१८ आवृत्ती आली.

तिकोनी पात्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. असं पातं कमी पोलादात ताठ होतं, त्याला धार लावावी लागत नाही आणि जाड लोकरी ओव्हरकोटातून ते आत जातं. १९१७च्या हिवाळ्यात जर्मन शिपायाच्या अंगावर किती कपडे असत हे लक्षात घेतलं तर ही शेवटची गोष्ट क्षुल्लक नाही. पण या पात्याने फक्त भोसकता येतं. कापता येत नाही. दोरी कापा, पोत्याचं तोंड उघडा, पाव कापा, यातलं काहीच नाही. शिवाय निमुळतं पातं बाजूने दाब आला की मोडायचं, आणि झटापटीत दाब बाजूनेच येतो.

(या पात्याबद्दल इंटरनेटवर एक गोष्ट फिरते, की तिकोनी जखम शिवता येत नाही म्हणून हेग किंवा जिनिव्हा कराराने ही पाती बंद केली. हेगच्या १९०७च्या नियमांत अनावश्यक यातना देणाऱ्या शस्त्रांना सर्वसाधारण मनाई आहे. तिकोनी पात्याचं नाव तिथे कुठेही नाही. एम१९१७ मागे पडला तो मोडत होता आणि एकाच कामाचा होता म्हणून.)

हे सुरे कोणी बनवले तेही पाहण्यासारखं आहे. डिस्टन करवतीवाले. लँडर्स, फ्रॅरी अँड क्लार्क हे कनेटिकट राज्यातल्या न्यू ब्रिटनचे, घरगुती सुऱ्या-काटे आणि स्वयंपाकघरातली उपकरणं विकणारे. तिसरी ओनायडा कम्युनिटी. ही कंपनी एकोणिसाव्या शतकातल्या एका धार्मिक सहजीवन-पंथातून निघाली होती. पंथात खाजगी मालमत्ता नव्हती, लग्नही नेहमीच्या अर्थाने नव्हतं. १८८१मध्ये पंथाचं रूपांतर कंपनीत झालं आणि पुढे ती चांदीच्या मुलाम्याचे चमचे बनवून नावारूपाला आली. स्वर्ग पृथ्वीवर आणायला निघालेल्यांच्या वारसांनी खंदकात भोसकायचे सुरे पुरवले. युद्धकाळात कारखाना पूर्वी कोणाचा होता हे विचारत नाहीत, कोणती यंत्रं आहेत एवढंच विचारतात.

जून १९१८ची चाचणी

फ्रान्समधल्या अमेरिकी सैन्याने, म्हणजे जनरल पर्शिंग यांच्या एक्स्पिडिशनरी फोर्सने, जून १९१८मध्ये चार सुरे शेजारी शेजारी ठेवून तपासले. आपला एम१९१७, फ्रेंच खंदक-सुरा, ब्रिटिश फायटर-सुरा आणि ह्यूज नावाचा एक विचित्र सुरा. ह्यूज सुरा हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूला बांधायचा. तळवा आणि बोटं मोकळी राहत, आणि कळ दाबली की स्प्रिंगवर दुमडलेलं पातं बाहेर येऊन अडकत असे. कल्पना चतुर होती, चाचणीत ती निरुपयोगी ठरली. आपल्या दांडपट्ट्यात हात कोपरापर्यंत लोखंडी खोबणीत जातो आणि मनगट जवळजवळ बंद होतं. पण दांडपट्टा फिरवणारा वर्षानुवर्षं ते बंद मनगट धरून पाय, कंबर आणि खांदा वापरायला शिकलेला असतो. १९१८चा अमेरिकी रंगरूट काही महिन्यांपूर्वी शेतावर किंवा दुकानात होता.

या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे चाचणीचे निकष. ते असे होते : सुरा सतत हातात ठेवून वावरता येतो का. झटकन जीवघेणा वार करता येतो का. सुरा हातात असताना त्याच हाताने दुसरं काही करता येतं का. सरपटताना तो हातात राहतो का. फटका बसला तर तो हातातून उडून पडायची शक्यता किती. वजन किती, पात्याची लांबी किती, मूठ कशी. पात्याचा आकार कोणता.

ही यादी दोनदा वाचावी. कागदावर ती अगदी समंजस वाटते, आणि प्रश्न अनुभवातून आलेले आहेत हे लगेच कळतं. जो माणूस चिखलातून सरपटत शत्रूच्या तारेपर्यंत गेला आहे तोच ‘सरपटताना हातात राहतो का’ असं विचारतो. पण यादीतला जवळजवळ प्रत्येक प्रश्न सुरा हातात असण्याबद्दल आहे. तो कंबरेला कसा लटकवायचा, म्यानातून अंधारात कसा काढायचा, पकड बदलायची झाली तर काय, यातलं काही नाही. छाप्याची रात्र सोडून उरलेल्या दिवसांत शिपाई या लोखंडाच्या तुकड्याचं काय करणार, हेही नाही. आणि सैनिकाच्या दिवसात छाप्याच्या रात्री फार थोड्या असतात.

मला यात चाचणी घेणाऱ्या समितीची चूक दिसत नाही. त्यांना खंदकातल्या छाप्यासाठी सुरा हवा होता आणि त्यांनी त्याच छाप्याबद्दल विचारलं. पण हत्याराचं आयुष्य मागणीपत्रापेक्षा लांब असतं.

मार्क १ कसा होता

चाचणीनंतर फ्रान्समधल्या अधिकाऱ्यांनी आणि ऑर्डनन्स, म्हणजे शस्त्रास्त्र खात्याच्या इंजिनिअरिंग विभागाने मिळून नवा सुरा आखला. पातं फ्रेंच वळणाचं, सपाट, दुधारी, पावणेसात इंची. त्याने भोसकताही येतं आणि कापताही येतं. एम१९१७ची मुख्य तक्रार इथे मिटली.

मूठ ही खरी नवी गोष्ट. ती ब्राँझची ओतीव होती, एकसंध. चार बोटांना चार कडी, प्रत्येक कड्यावर बाहेरच्या बाजूला टोकदार उंचवटा. बोटं कड्यांत गेली की हात उघडला तरी सुरा खाली पडत नाही. मुठीचा मागचा शेवट म्हणजे निमुळता पोलादी नट. पात्याची शेपटी मुठीतून आरपार जाऊन या नटने आवळलेली असे. हाच नट डोक्यात मारायलाही ठेवलेला होता. पातं काळं केलेलं, मूठही रसायनाने काळवंडलेली, म्हणजे चांदण्यात चमकू नये. आज संग्राहकांकडे ती पिवळीधमक दिसते, कारण शंभर वर्षांत हातांनी आणि पॉलिशने काळा थर गेला आहे. मुठीवर उठावाच्या अक्षरांत ‘यू. एस. १९१८’ आणि बनवणाऱ्याची आद्याक्षरं.

म्यान पोलादी पत्र्याचं. ते पट्ट्यात ओवायचं नव्हतं. मागे दोन आकडे होते, ते जाड कापडी पट्ट्यात खुपसायचे. कोकणात कंबरेच्या आकडीला कोयता अडकवून माणूस माडावर चढतो, तेव्हा त्याला कोयता कुठे आहे हे बघावं लागत नाही, हात मागे गेला की तो हातात येतो. मार्क १च्या बाबतीत उलट व्हायचं. मूठ इतकी रुंद आणि जड की म्यान डुलायचं, मूठ कपड्यांना आणि बाकीच्या सामानाला अडकायची. सुरा काढला तरी चार बोटं चार कड्यांत बरोबर बसवायला वेळ लागायचा. लोकरी हातमोजे असतील तर आणखीच.

आता चाचणीच्या यादीकडे परत जाऊ. हातातून उडून पडायची शक्यता? जवळजवळ शून्य. सतत हातात ठेवता येतो का? हो. सरपटताना? हो, कडी बोटांत अडकलेली असतात. त्याच हाताने दुसरं काही? थोडंफार. झटकन वार? हो, आणि पात्याने नाही जमलं तर कड्यांनी, त्यानेही नाही तर नटने. मार्क १ या परीक्षेत उत्तम गुणांनी पास झाला. त्याची किंमत अशी, की सुरा एकाच पद्धतीने धरता येतो. पातं वर, अंगठ्याच्या बाजूला. सुरा उलटा करून धरायचा, अंगठा पात्याच्या पाठीवर टेकवायचा, बोटं मागे सरकवून पोच वाढवायची, यातलं काहीच जमत नाही. ज्याच्या हाताची बोटं जाड त्याला कडी आवळतात, ज्याची बारीक त्याच्या हातात मूठ हलते. सुटू नये म्हणून केलेली रचना हाताला सुऱ्यात कोंडते.

फ्रान्समध्ये ‘ओ लियों’ या सिंहाच्या छापाच्या उत्पादकाने काही सुरे बनवले. अमेरिकेत १२ लाख ३२ हजार ७८० सुऱ्यांची मागणी नोंदवली गेली आणि उत्पादन डिसेंबर १९१८मध्ये सुरू व्हायचं होतं. ११ नोव्हेंबरला युद्ध थांबलं. करार रद्द झाले, एक सोडून. लँडर्स, फ्रॅरी अँड क्लार्कने १ लाख १९ हजार ४२४ सुरे पुरे केले आणि ते गोदामात गेले. मुठीवर साल १९१८चं, पण ज्या खंदकांसाठी हे सुरे होते ते तोपर्यंत फ्रेंच शेतकरी बुजवायला लागले होते.

चोवीस वर्षांनी

१९४२मध्ये अमेरिकेला पुन्हा घाई झाली. रेंजर, छत्रीधारी सैनिक, मरीन रेडर (मरीन कोअर या सागरी सैन्यदलाचे छापेखोर) अशा नव्या टोळ्या उभ्या राहत होत्या, आणि त्यांना जवळच्या लढाईसाठी सुरा हवा होता. गोदाम उघडलं तर मार्क १ तयार. तो वाटला गेला. ज्या लढाईसाठी तो घडवला ती त्याला मिळाली नव्हती, आता दुसरीच मिळाली.

तक्रारी लवकरच आल्या, आणि त्या सगळ्या १९१८च्या यादीत न विचारलेल्या प्रश्नांबद्दल होत्या. मोठी मूठ नेहमीच्या म्यानात नीट बसत नाही. पकड बदलता येत नाही. तार कापताना, दारूगोळ्याच्या पेट्या उचकटताना, डबे उघडताना पातं मोडतं. पॅसिफिकच्या बेटांवर जंगल होतं, पाऊस होता, पेट्या होत्या, डबे होते. काटकोनी वळणाचा खंदक नव्हता. बऱ्याच मरीन सैनिकांनी घरून शिकारी सुरे मागवले किंवा स्वतःच्या पैशांनी घेतले. सैनिक सरकारी वस्तू बाजूला ठेवून पदरचे पैसे घालतो, यापेक्षा बोलका अभिप्राय मिळत नाही.

शिवाय नवे मार्क १ बनवणं परवडणारं नव्हतं. ओतकाम, घासकाम, जुळवणी, सगळं वेळखाऊ. आणि मुठीतल्या मिश्रधातूचा मुख्य भाग तांबं. तांब्याचा प्रत्येक टन काडतुसांच्या पितळी नळ्यांसाठी हवा असताना ते सुऱ्याच्या मुठीत कोण ओतणार?

लष्कराने मार्च १९४३मध्ये एम३ आणला. त्याची आखणी जितकी लढाईने ठरवली तितकीच कच्च्या मालाने. साधं कार्बन पोलाद. मूठ चामड्याच्या चकत्या एकावर एक रचून, घासून, लॅकर लावून केलेली. पोलादी आडपट्टी, एका टोकाला जराशी वाकलेली, तिथे अंगठा टेकतो. कडी नाहीत. पातं पुन्हा पावणेसात इंची, पण अरुंद, संगिनीच्या घाटाचं, आणि मागच्या बाजूला साडेतीन इंच दुसरी धार. नऊ कंपन्यांनी ऑगस्ट १९४४पर्यंत २५ लाख ९० हजार २४७ एम३ बनवले. मार्क १च्या तुलनेत वीसपटीहून जास्त.

सुरुवातीला कंपनीचं नाव पात्यावर कोरत. तिथे पातं कमकुवत होतं म्हणून पुढे ते आडपट्टीवर गेलं. पहिलं म्यान चामड्याचं होतं, त्यातून टोक बाहेर येऊन मांडीला लागू नये म्हणून खाली धातूच्या पिना मारल्या. मग प्लॅस्टिकसारखं कडक म्यान आलं. हे बारीक बदल मला सगळ्यांत विश्वासार्ह वाटतात, कारण ते वापरणाऱ्यांच्या तक्रारीवरून झालेले आहेत.

पण एम३नेही जुनी अडचण अर्धीच सोडवली. तो मुळात लढाईचा सुराच राहिला. अरुंद पात्याने पेट्या उचकटणं त्यालाही झेपत नसे. मरीन रेडरना खास म्हणून कॅमिलस कंपनीचा बारीक खंजीर मिळाला होता. तो ब्रिटिश कमांडोंच्या फेअरबेर्न-साइक्स खंजिराच्या वळणाचा होता, शांघायच्या पोलिसात मारामारी शिकवणाऱ्या दोघांनी आखलेल्या. रेडरच्या खंजिराचं टोक डबे उघडताना तुटायचं. लष्करी हत्यारांच्या इतिहासात शत्रूपेक्षा डब्यांनी जास्त पाती तोडली असावीत, असं हे सगळं वाचताना वाटत राहतं.

मरीन कोअरची वेगळी वाट

मरीन कोअरने सुरुवात दुसऱ्या टोकाकडून केली. त्यांनी १९४२च्या अखेरीला जो सुरा स्वीकारला तो पुढे ‘का-बार’ या नावाने ओळखला गेला. सात इंची, जाड, एकधारी पातं, वरच्या बाजूला कापून टोकदार केलेलं. चामड्याच्या चकत्यांची मूठ. त्याचा आधार शिकारी सुरा होता, जो सैनिक आधीच स्वतःच्या पैशांनी आणत होते. त्याने खोदता येतं, फांदी तोडता येते, मागच्या बाजूने ठोकता येतं, डबा उघडता येतो, आणि वेळ आली तर लढताही येतं.

असं सगळ्या कामांचं पातं फ्रान्सच्या आघाडीवरच सप्टेंबर-ऑक्टोबर १९१४पासून कोणाच्या तरी कंबरेला लटकत होतं, हे सांगायला हवं. मार्सेलला उतरलेल्या भारतीय तुकड्यांत गुरखा पलटणी होत्या, आणि त्यांची खुकरी लाकूड तोडते, बकरं कापते, झाडी साफ करते. तिला कुठल्याही समितीने आखलं नव्हतं. गढवाल रायफल्सनी नोव्हेंबर १९१४मध्ये जर्मन खंदकावर रात्रीचा छापा घातला, तो ब्रिटिश बाजूच्या अगदी सुरुवातीच्या छाप्यांपैकी एक. मराठा पलटणी मात्र बहुतेक मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या, कूतच्या वेढ्यात अडकल्या, आणि त्यांचं युद्ध फ्रान्सपेक्षा वेगळंच झालं. खुकरीचं कौतुक करताना एक सावधगिरी हवी. तिच्या भीतीच्या ज्या कथा छापून आल्या त्यातल्या बऱ्याच ब्रिटिश वर्तमानपत्रांच्या प्रचाराला सोयीच्या होत्या. तरी पात्याबद्दलचा मुद्दा कायम राहतो. दिवसभर कामाला येणारं हत्यार माणसाच्या हाताला सवयीचं असतं, आणि अंधारात सवयच उपयोगी पडते.

मार्क १ या सवयीला मुळातच मुकलेला होता. त्याच्याशी दिवसभर काहीच करता येत नसे, म्हणून तो हाताला ओळखीचा झालाच नाही. समितीला हव्या असलेल्या गुणांपैकी एकाची, ‘सतत हातात ठेवता येणं’ याची, हीच विचित्र बाजू. हातात अडकवून ठेवण्याची सोय केली, हातात घ्यावासा वाटण्याची केली नाही.

पातं राहिलं, मूठ गेली

एम३चा शेवटही गमतीदार आहे. तो मुख्यतः ज्यांच्याकडे संगीन नाही अशांना द्यायचा होता. त्यात एम१ कार्बाइन मिळालेले लोक बरेच होते, कारण त्या छोट्या बंदुकीला संगीन लावायची सोयच नव्हती. १९४४मध्ये लष्कराने एम३चंच पातं घेऊन त्याला कार्बाइनवर बसवायचं कडं आणि खटका जोडला, आणि एम४ संगीन तयार झाली. ती आल्यावर एम३ बनवणं बंद झालं. खंदकात संगीन लांब पडते म्हणून जो सुरा जन्माला आला, त्याचा वंशज शेवटी संगीनच झाला. बंदुकी मात्र तोवर आखूड झाल्या होत्या, त्यामुळे हा व्यवहार तोट्याचा नव्हता.

एम४चं पातं थोड्याफार फरकाने पुढे एम५, एम६ आणि एम१६ रायफलच्या एम७ संगिनीत चालू राहिलं. म्हणजे १९१८मध्ये मार्क १साठी धरलेली सुमारे पावणेसात इंचांची लांबी व्हिएतनामच्या युद्धापर्यंत टिकली. मुठीची कडी मात्र पुन्हा कोणत्याही अमेरिकी सरकारी सुऱ्यावर आली नाहीत. ती राहिली खेळांत, पोस्टरांवर आणि नकली मालाच्या बाजारात. त्या नकलांवरही ‘यू. एस. १९१८’ असंच ओतलेलं असतं. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत फायटर बाळगायला कायद्याने मनाई किंवा निर्बंध आहेत, त्यामुळे तिथल्या संग्राहकाला मार्क १ बाळगताना आधी आपल्या राज्याचा कायदा वाचावा लागतो.

१९८६मध्ये अमेरिकी लष्कराने एम९ संगीन घेतली. सात इंची, चांगली जाड, पाठीवर करवतीचे दात. पात्यात एक भोक आहे. म्यानाच्या टोकावरचा खुंट त्यात बसवला की दोन्ही मिळून कातर होते आणि काटेरी तार कापता येते. ही युक्ती सोव्हिएत सैन्याच्या एकेएम संगिनीवर आधीपासून होती. बातेलेमोंच्या खंदकापुढे जी तार होती, ती कापायला १९१८च्या चारही सुऱ्यांपैकी एकही उपयोगाचा नव्हता, आणि चाचणीच्या कागदावर तारेचा प्रश्नच नव्हता.